घरातलं कॉकपिट: तळेगावात उभारायचं तर किती खर्च?

घरात विमानाचं कॉकपिट उभारायला किती पैसे लागतात? पाच हजारांपासून दहा लाखांपर्यंत कुठलाही आकडा खरा ठरू शकतो, म्हणून नुसत्या आकड्याचा कुणाला उपयोग नाही. नागपूर-अमरावती महामार्गावरच्या तळेगाव (श्यामजी पंत) सारख्या गावात राहणाऱ्या माणसाला वेगळी माहिती हवी असते. कोणती वस्तू गावातच होईल, कोणत्या कामासाठी आर्वी किंवा अमरावती गाठावी लागेल, काय नागपूरच्या बर्डीवरून आणायचं आणि काय परदेशातून मागवायच्या फंदात पडायचंच नाही, हे त्याला कळायला हवं.

माझा हिशेब आधीच सांगून टाकतो. एका माणसाला बसता येईल असं, हाताला खरं वाटणारं साधं कॉकपिट संगणकासकट १ लाख ६५ हजारांच्या आसपास होतं. बऱ्यापैकी संगणक घरात आधीच असेल तर ८० हजारांत. भाव गोल आकड्यांत दिले आहेत, थोडे खालीवर होतील. पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडायचा, याबाबत मात्र माझं मत पक्कं आहे. संगणक, वीज आणि पायाखालचे पेडल यांवर खर्च करा. लोखंड, लाकूड आणि वायरिंग गावात करून घ्या. परदेशी चकचकीत पॅनलचा विचार सगळ्यात शेवटी करा.

या छंदाबद्दल आमच्या भागात विचारणा वाढली आहे आणि तिला कारण आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तिथेच वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने जुलै २०२४ मध्ये केली, वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याच्या हिशेबाने. गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षण संस्था आधीपासून आहे, नागपूरचा फ्लाइंग क्लब तर त्याहून जुना. तळेगावहून बेलोरा तासाभराच्या रस्त्यावर आहे. ज्या पोरांनी विमान फक्त संत्र्याच्या बागेवरून जाताना पाहिलं, ती आता कॉकपिटच्या आत काय असतं ते विचारू लागली आहेत.

नकली कॉकपिटचा उपयोग काय?

एडविन लिंक नावाच्या तरुणाने १९२९ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी पहिलं यशस्वी उड्डाण-प्रशिक्षण यंत्र पुरं केलं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. ऑर्गनचेच भाते आणि हवेच्या झडपा वापरून त्याने लाकडी विमानाचा छोटा डबा असा बसवला की दांडा हलवला की तो झुकायचा, वळायचा. जत्रेतला खेळ म्हणूनच लोक त्याकडे बघत. १९३४ मध्ये टपाल नेताना खराब हवेत अनेक लष्करी वैमानिकांचे जीव गेले, तेव्हा अमेरिकी लष्कराने अशी सहा यंत्रं विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक याच निळ्या डब्यात बसून ढगांत उडायला शिकले.

त्या डब्याला पडदा नव्हता, खिडकीबाहेरचं दृश्य नव्हतं. होते फक्त दांडा, पेडल आणि घड्याळासारखी यंत्रं, पण ती जागच्या जागी होती. घरगुती कॉकपिट बांधणाऱ्याने हेच लक्षात ठेवायचं. डोळ्यांना फसवायला एक मोठा पडदा पुरतो. हाताला फसवता येत नाही. फ्लॅपचा खटका अंधारातही त्याच जागी सापडला पाहिजे, थ्रॉटल ढकलताना कोपर त्याच उंचीवर असलं पाहिजे. ही अचूकता मोजपट्टी आणि सुताराकडून मिळते, तिला फार पैसे पडत नाहीत.

कोणतं विमान निवडायचं

पोरांना एअरबस ए-३२० हवं असतं, कारण इंडिगोच्या विमानात तेच दिसतं. माझा आग्रह सेसना १७२ चा आहे. १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे चार आसनी विमान ४४ हजारांहून जास्त संख्येने बनलं आणि जगभरच्या फ्लाइंग क्लबांमध्ये विद्यार्थी त्यावर शिकतात. जुन्या पद्धतीच्या पॅनलवर मुख्य यंत्रं सहा, खटके वीसच्या आत. आतली रुंदी जेमतेम एक मीटर, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत एका कोपऱ्यात मावेल. ए-३२० च्या कॉकपिटमध्ये डोक्यावरच्या पॅनलचेच खटके शंभरच्या वर जातात. ते दोन आसनांसकट नीट उभारायचं तर सात-आठ लाखांना सुरुवात होते आणि दहा लाखांत संपेलच याची खात्री नाही.

आधी पुठ्ठ्यात बांधा. आमच्याकडे संत्र्याच्या हंगामात खोक्यांचा पुठ्ठा पाहिजे तेवढा मिळतो. खुर्ची मांडा, पुठ्ठ्याचं पॅनल उभं करा, बाटलीची झाकणं चिकटवून खटक्यांच्या जागा ठरवा आणि आठवडाभर त्यासमोर बसून बघा. गुडघा कुठे लागतो, मान किती उचलावी लागते, सगळं कळेल. शिवाय वेल्डरला नकाशा समजावण्यापेक्षा हा पुठ्ठा दाखवणं सोपं. ‘भाऊ, हे ट्रॅक्टरचं केबिन हाय का?’ असं तो विचारेल, पण माप चुकवणार नाही.

संगणक आणि इंटरनेट: दोन्हींचा निर्णय एकत्रच

इथे सगळ्यात जास्त पैसे जातात. सहा कोअरचा प्रोसेसर, १२ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एसएसडी, ६५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय असा संच जोडून घेतला तर ७५ हजार धरा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, त्यामुळे जुन्या दरपत्रकावर विसंबू नका, त्या आठवड्याचं नवीन कोटेशन घ्या. कमीत कमी १६ जीबी रॅम हवी, ३२ असेल तर पुढची काही वर्षं चिंता नाही. संच बर्डीवर जोडून घ्यावा असं मी सुचवतो, ऑनलाइन सुटे भाग मागवून नव्हे. भाग बिघडला तर वॉरंटीसाठी तो कंपनीकडे पाठवायची जबाबदारी दुकानदार घेतो का, हे आधी विचारा आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या. गावातून नागपूरची एक फेरी म्हणजे जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर आणि पूर्ण दिवस. तो खर्च वाचवणारं दुकान हजार रुपये महाग असलं तरी स्वस्तच पडतं.

वापरलेला संगणक ४० हजारांत मिळू शकतो. घ्यायचा तर ग्राफिक्स कार्ड अर्धा तास पूर्ण भारावर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सॉफ्टवेअर निवडताना घरी इंटरनेट कसं आहे ते आधी बघा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची २०२० ची आवृत्ती डिस्कवर १५० जीबी जागा मागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली २०२४ ची आवृत्ती डिस्कवर कमी जागा घेते, पण जमीन, झाडं, इमारती उड्डाण चालू असताना इंटरनेटवरून खेचत राहते. तिला किमान १० एमबीपीएस लागतात, कंपनीची शिफारस ५० ची आहे. फायबर घरापर्यंत आलं असेल आणि लाइट गेल्यावरही राउटर चालत असेल, तर हीच घ्या. दृश्य इतकं खरं दिसतं की अप्पर वर्धा धरणाचं पाणी आणि महामार्गाचं वळण ओळखू येतं. मोबाइलच्या डेटावर भागवायचं असेल तर मात्र ती तुम्हाला रोज त्रास देईल. तेव्हा एक्स-प्लेन १२ बघा. त्यात हवा तेवढाच प्रदेश एकदा उतरवून ठेवता येतो आणि पुढे नेटशिवाय उडता येतं. दोन्हींपैकी कोणतंही घेतलं तरी ४ ते ७ हजार रुपये. एक्स-प्लेनचा नमुना फुकट उतरवून तुमच्या संगणकावर किती सुरळीत चालतो ते आधी तपासता येतं. तपासाच.

तिसरा पर्याय फ्लाइटगिअरचा. पूर्ण मोफत, मुक्त स्रोत, जुन्या लॅपटॉपवरही चालणारा. दृश्य साधं आहे, पण विमान कसं वागतं ते शिकायला पुरेसं. ज्याला छंद टिकेल की नाही याची खात्री नाही त्याने घरातला लॅपटॉप, फ्लाइटगिअर आणि ४ हजारांची जॉयस्टिक एवढ्यावर दोन-तीन महिने काढावेत. पुढचा सगळा खर्च त्यानंतर ठरवावा.

पडदा म्हणून ४३ इंची फोरके टीव्ही २५ हजारांत मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे तीन मॉनिटर जोडण्यापेक्षा हाच मार्ग परवडतो. टीव्हीत ‘गेम मोड’ आहे का ते दुकानात बघा. नसेल तर दांडा हलवल्यावर चित्र उशिरा हलतं आणि विमान जमिनीला टेकवताना हात चुकत राहतो. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो. डोळ्यांपासून ८५ सेंटिमीटरवर ठेवला तर आडवा दृष्टिकोन सुमारे ५८ अंशांचा होतो. सॉफ्टवेअरमध्ये तोच आकडा घातला की धावपट्टी खऱ्या आकारात दिसू लागते. याला एक पैसा लागत नाही, पण बहुतेक लोक हे करत नाहीत आणि उतरताना विमान का आपटतं याचं कारण शोधत बसतात.

व्हीआर चष्म्याबद्दल विचारणाऱ्यांना सांगतो: चष्मा घेणार असाल तर कॉकपिट बांधू नका. तो घातला की आपले हात आणि खटके दिसत नाहीत. दोन्हींवर पैसे घालवले तर त्यातलं एक कायम कोपऱ्यात पडून राहतं.

लोखंड, लाकूड आणि आसन

या कामात आपलं गाव शहरापेक्षा सरस आहे. मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला वेल्डिंगसाठी जागा शोधावी लागते. आपल्याकडे ट्रॉल्या, वखरं आणि फाटकं दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो.

एक इंची चौकोनी पाइपच्या वीस फुटी चार नगांत सांगाडा होतो. वजन २८ किलोच्या आसपास, ७५ रुपये किलोने २,१०० रुपये. वेल्डिंगची मजुरी ३ हजार. १२ मिलिमीटर प्लायच्या दोन शीट, ६५ रुपये चौरस फूट दराने ४,२०० रुपयांच्या आत. सुताराचे दोन दिवस १,८००. भंगारात निघालेल्या छोट्या कारचं पुढचं आसन त्याच्या सरकपट्टीसकट २,२०० पर्यंत मिळतं, आणि सरकपट्टी असलेलंच घ्या, म्हणजे बाप आणि लेक दोघांनाही बसता येतं. रंग, स्क्रू धरून सगळं मिळून १४ हजार.

सांगाडा दोन तुकड्यांत बनवून घ्या आणि नट-बोल्टने जोडा. दारातून आत जाईल का हे बांधून झाल्यावर मोजण्यात अर्थ नाही.

योक म्हणजे सेसनाचं हँडल. ते दोन तऱ्हांनी हलतं: पुढेमागे ओढलं-ढकललं की विमानाचं नाक खालीवर होतं, फिरवलं की पंख झुकतात. बाजारातलं तयार योक १८ हजारांच्या आसपास आणि रडर पेडल १७ हजारांच्या आसपास, म्हणजे ३५ हजार. घरी बनवलं तर दोन्ही मिळून ६ हजार धरा. पुढेमागे सरकण्यासाठी ड्रॉवरची टेलिस्कोपिक चॅनेल, ३५० रुपयांची जोडी. फिरण्यासाठी ६२०४ नंबरचं बेअरिंग, ज्यात २० मिलिमीटरचा दांडा बसतो. हे बेअरिंग शेतीपंपाच्या मोटरी भरणाऱ्या रिवाइंडिंगवाल्याकडे हमखास असतं, दोन नग ३०० रुपयांत. दांडा लेथवर ताशून घ्या. हँडल मध्यावर परत यायला दोन सारख्या ताणाच्या स्प्रिंगा हव्यात. एक सैल आणि एक ताठ असेल तर विमान कायम एकीकडे ओढतं.

पेडलचं काम मात्र निगुतीने करा. एक पुढे गेलं की दुसरं तेवढंच मागे आलं पाहिजे आणि पायाचा पूर्ण भार पडला तरी बूड हललं नाही पाहिजे. दांडा घरी बनवून पेडल विकत घ्यायचे ठरवले तर त्यात मला काही गैर वाटत नाही. पायाला बारीक हालचाल हवी असते आणि ढिल्या सांध्यांनी पाय वाईट सवयी शिकतो.

खटके, सेन्सर, पॅनल

विमानाचं डोकं म्हणून आर्डुइनो जातीची छोटी सर्किटं वापरतात. इथे एक सावधगिरी. शाळेच्या रोबोटिक्स किटमध्ये येणारं उनो बोर्ड संगणकाला स्वतःहून जॉयस्टिक म्हणून ओळख देत नाही. त्या कामासाठी प्रो मायक्रो घ्या, ५५० रुपये नग, दोन पुरतात. खटके, दिवे आणि आकडे दाखवणाऱ्या पट्ट्यांसाठी मेगा २५६० चा देशी नमुना १,२०० रुपयांत. तो मोबीफ्लाइट या मोफत सॉफ्टवेअरने जोडला की प्रोग्रॅम लिहिता न येणाऱ्यालाही खटका आणि विमानातलं काम यांची सांगड घालता येते.

दांड्याची हालचाल मोजायला बहुतेक जण रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखं पोटेन्शिओमीटर लावतात. आमच्या भागात मी ते टाळायला सांगेन. कापसाचा तंतू आणि उन्हाळ्यातली बारीक धूळ त्यात शिरते, आतली कार्बनची पट्टी झिजते आणि सरळ उडणारं विमान मध्येच दचकू लागतं. त्याऐवजी ४९ई हॉल सेन्सर आणि छोटं चुंबक वापरा. दोन्ही मिळून ५० रुपये. एकमेकांना स्पर्शच नसल्याने झिजायला काही उरत नाही. चुंबक अशा रीतीने बसवा की दांड्याच्या पूर्ण फेरीत सेन्सरची जवळजवळ पूर्ण मर्यादा वापरली जाईल. या बोर्डांत हालचालीचे १,०२४ टप्पे मोजले जातात. पाचवा हिस्साच वापरलात तर दोनशेच टप्पे उरतात आणि हालचाल खडबडीत होते.

वीस टॉगल खटके ८००, सहा फिरते एन्कोडर ३६०, बटणं २००, आकड्यांच्या दोन पट्ट्या ३००, वायर-सोल्डर-कनेक्टर ७००, स्वतंत्र वीजजोडणी असलेला यूएसबी हब १,२००. हबवर कंजुषी नको. संगणकाच्या एकाच पोर्टवर सगळं लटकवलं की उड्डाणाच्या मध्यात खटके गायब होतात.

पॅनलचा चेहरा म्हणजे काळं रंगवलेलं तीन मिलिमीटर ॲक्रिलिक, त्यावर लेझरने कोरलेली अक्षरं आणि मागे एलईडीची पट्टी. दिवा लावला की फक्त अक्षरं उजळतात. वर्ध्यात किंवा अमरावतीत नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणाऱ्यांकडे हे यंत्र असतं, हजार रुपयांत काम होतं. फाइल मात्र तुम्ही तयार करून न्या आणि आधी पुठ्ठ्यावर एकदा कापून मागा. गोल यंत्रं दाखवायला जुना १९ इंची मॉनिटर, अडीच हजारांचा, प्लायला पाडलेल्या गोल भोकांच्या मागे बसवायचा. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये उजवं आल्ट दाबून यंत्रावर क्लिक केलं की ते वेगळ्या खिडकीत निघतं आणि त्या मॉनिटरवर सरकवता येतं.

परदेशातून तयार पॅनल मागवायचा मोह झाला तर छापील किमतीच्या दीडपट हिशेब धरा. सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअर कंपनीचा आकार दारात द्यावा लागतो. बिघडलं तर परत पाठवायचा खर्चही तुमचाच.

वीज, ऊन, वारा

इतर ठिकाणच्या मार्गदर्शनात हा भाग नसतो, पण विदर्भात यावरच सगळं टिकतं.

लोखंडी सांगाडा, त्याला टेकलेला संगणक आणि त्यात बसलेलं मूल. घराला नीट अर्थिंग नसेल तर हे धोकादायक आहे. अनेक जुन्या घरांत तिसरी पिन नुसती दिसायला असते. कॉकपिट बसवायच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, नसेल तर नवीन करून घ्या आणि सांगाडाही अर्थला जोडा. विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीसकट साडेचार हजार रुपये. या यादीतला हा एकच खर्च असा आहे की त्यात तडजोड करू नका असं मी हात जोडून सांगतो. पॅनलवर २३० व्होल्ट कधीही आणायचे नाहीत, सगळे खटके आणि दिवे ५ व्होल्टवरच चालवायचे.

लाइट जाणं-येणं चालूच असतं. घरचा इन्व्हर्टर लाइट गेल्यावर जो क्षण घेतो तेवढ्यात संगणक बंद पडतो, म्हणून वेगळा १,००० व्हीएचा यूपीएस, साडेसहा हजार. काही नव्या पॉवर सप्लायचं साध्या यूपीएसशी जमत नाही. तुमचा मॉडेल सांगूनच घ्या आणि दुकानात जोडून बघा. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की खेळ थांबवून प्लग काढा, आणि नेटची तारही. राउटरवाटे आलेला झटका मदरबोर्डपर्यंत जातो.

मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. कूलरचा झोत संगणकावर सरळ येऊ देऊ नका, त्यातली ओल आणि धूळ दोन्ही वाईट. संगणक जमिनीपासून फूटभर वर, भिंतीपासून लांब ठेवा आणि सिम्युलेटरमध्ये सेकंदाला ३० चित्रांची मर्यादा घाला. उडण्यात फरक पडत नाही, ग्राफिक्स कार्ड मात्र बरंच थंड राहतं. वीजबिलाचं म्हणाल तर सगळा संच अर्धा किलोवॅटच्या आसपास खातो. रोज दोन तास म्हणजे महिन्याला ३० युनिट, तीनशे-साडेतीनशे रुपये.

आता बेरीज. संगणक ७५ हजार, टीव्ही २५, सांगाडा आणि आसन १४, घरचे योक-पेडल ६, पॅनल आणि इलेक्ट्रॉनिक्स ७, जुना मॉनिटर अडीच, यूपीएस आणि अर्थिंग ११, सॉफ्टवेअर ६, माइकसह हेडफोन दीड. होतात १ लाख ४८ हजार. त्यावर दहा टक्के प्रवास, कुरिअर आणि वाया जाणाऱ्या मालाचे. योक-पेडल तयार घेतले तर यात २९ हजार मिळवा.

परवानगी, परवाना आणि वैमानिक व्हायचं असेल तर

घरातल्या कॉकपिटला कुणाचीही परवानगी लागत नाही. खरं विमान बांधण्याची गोष्ट वेगळी. मुंबईच्या कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांनी ते २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं, नोंदणी मिळाली २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी त्यानंतर दोन वर्षांनी. भंगारातून खऱ्या विमानाचा रेडिओ मिळाला तर शोभेपुरता ठेवा, चालू करू नका. विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे. नियंत्रण कक्षाशी बोलण्याचा सराव हवा असेल तर व्हॅटसिम हे स्वयंसेवकांचं मोफत जाळं २००१ पासून चालू आहे. तिथे इंटरनेटवरून खरी माणसं नियंत्रक म्हणून बोलतात. वयाची अट १३ वर्षं.

मुलगा किंवा मुलगी वैमानिक व्हावी म्हणून हा खर्च करणाऱ्या आईवडिलांशी सरळ बोलतो. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि घरच्या कॉकपिटमधला एकही तास त्यात धरला जात नाही. तेव्हा कॉकपिटच्या आधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला तर तो तीस-चाळीस लाखांची फी भरल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेला बरा. घरच्या सरावाचा फायदा दुसरीकडे होतो. खऱ्या विमानात तासाला दहा हजारांहून जास्त मोजत असताना कोणता खटका कशाचा हे शोधण्यात वेळ जात नाही, तपासणी यादी तोंडपाठ असते, रेडिओवर बोलताना जीभ अडखळत नाही. पण पुस्तकात सांगितल्याप्रमाणेच सराव करा. पडद्यावरच्या यंत्रांकडेच बघत उडायची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला खिडकीबाहेर बघायला शिकवणं प्रशिक्षकाला जड जातं.

पहिल्या उड्डाणासाठी नागपूर निवडा. सोनेगावची धावपट्टी ३,२०० मीटर लांब, समुद्रसपाटीपासून १,०३३ फूट उंच. धावपट्टी ३२ वरून उठा, डावीकडे वळा आणि महामार्ग धरा. कोंढाळी, कारंजा (घाडगे), मग सत्याग्रही घाट आणि तळेगाव. सेसनाला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. उजव्या हाताला दूरवर अप्पर वर्धाचं पाणी दिसतं, पुढे वर्धा नदी ओलांडली की तिवसा, मोझरी आणि शेवटी बेलोरा, जिथली धावपट्टी १,८५० मीटर. ओळखीच्या खुणांवरून दिशा ओळखत जाणं हा वैमानिकाचा पहिला धडा असतो आणि हा रस्ता तर आपल्याला एसटीच्या खिडकीतून पाठ आहे.

खर्च एकदम करू नका, वर्षभर पसरवा. जून-जुलैत, नेट आणि लाइट दोन्ही लहरी असतात तेव्हा, सोल्डरिंग आणि पॅनलची आखणी करा, त्याला सात हजार पुरतात. पावसाळ्यात प्लाय कापू नका, ओल धरून फुगतो आणि खटक्यांची भोकं सरकतात. लाकडाचं आणि लोखंडाचं काम दिवाळीनंतर, आंबिया बहाराचा पैसा हाती येतो तेव्हा. संगणक सगळ्यात शेवटी, जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. बाकीचं तयार होईपर्यंत तो पडून राहिला तर त्याची वॉरंटी नुसती सरत जाते. आणि तयार योक, पेडल, ग्राफिक्स कार्ड यांची खोकी आणि बिलं जपून ठेवा. छंद सुटला तर याच तीन वस्तूंना बाजारात निम्म्याहून जास्त भाव येतो, वेल्डिंग केलेल्या सांगाड्याला फक्त किलोचा.